अंबासिटरची मागची सीट

माझं नाव कमल, पर आता समदी आक्काच म्हणत्यात. माहेर म्हणावं असं एक गाव मला न्हाय ताई, आमी मेंढरावालं. आमचा वाडा म्हंजी दगडामातीचा न्हवं, मेंढरांचा मुक्काम, आज ह्या रानात तर परवा त्या. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवायचं, वर धान्य द्यायचं, की आमी पुढं निघायचो, म्होरं घोडं, घोड्यावर भांडीकुंडी आन कोंबड्या, आन मागनं चालत म्या आन आई. काय सांगू तुमाला, आत्ता चप्पल घालून पिकअप चालवती, भाजी घिऊन भिगवणला, बारामतीला जाती, तरी टाचंच्या भेगा काय गेल्या न्हाईत.

शीळ मला बापानं शिकवली. दोन बोटं तोंडात घालून अशी घालायची की पार त्या टोकाचं मेंढरू मान वर करायचं. बापू, माझा भाऊ, ल्हान असताना मेंढरामागं लांब गेला की त्यालाबी शीळच, नावानं हाक मारलेली त्याला कळायचीच न्हाय. पुढं लग्न होऊन डाळजला आली तर सासू म्हणाली, बाईमाणसानं शीळ घालू न्हाय, हितं शेती हाय, मेंढरं न्हाईत. तवापासनं घातली न्हाय. बरं ते ऱ्हाऊ द्या, गाडीचं सांगती.

कळंबला एक बागायतदार व्हतं, आमी तात्या म्हणायचो. त्यांच्या रानात वाडा बसला व्हता आन आईचं दिवस भरलं व्हतं. कळा सुरू झाल्या तवा बाप मेंढरं घिऊन लांब. म्या पळत तात्यांच्या दारात. तात्यांनी काय इचारलं न्हाय, पांढरीधोट अंबासिटर काढली, गावातलं नवरदेव बसवायची गाडी ती, आन आईला मागच्या सीटवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर, पायाशी तात्यांची मालकीण. दवाखाना गावलाच न्हाय, वाटंतच बापू झाला. तात्या मागं वळून बघंनात, पुढं बघूनच म्हणत्यात, पोरी, रडतंय का ते? रडतंय म्हटल्यावर गाडी उभी केली आन उतरून बांधावर जाऊन बसलं. सीट समदी खराब झाली, पर त्या माणसानं कधी शब्द काढला न्हाय.

आई मरंस्तवर कळंबवरनं गेली की त्या गाडीच्या पाया पडायची. आन बापूला त्याचाच राग. पोरं त्याला अंबासिटर म्हणूनच हाक मारायची, अजूनबी त्याच्याबरुबरचं ट्रॅक्टरवालं म्हणत्यात. आईला म्हणायचा, जगात दुसरी जागा न्हवती का तुला.

आई गेली. आन मंग कळलं, तात्यांचा नातू नवं घर बांधतोय, गाडी भंगारात घालणार. पिकअप घिऊन तशीच कळंबला गेली. गाडी गोठ्याच्या कडंला, चाकं मातीत, आत कोंबड्या अंडी घालत्यात. तात्या आता बाजंवरच. म्हणालं, काय करणार कमळे हिचं? म्हटलं, दुरुस्त करणार, चालवणार. लई हसलं. मंग म्हणालं, आजच्या आज ने, उद्या सकाळी भंगारवाला यायचाय.

घरी मालकाला फोन केला तर ते म्हणालं, डाळिंबाची फवारणी राह्यलीय आन तुला डबड्याला रंग द्यायचाय व्हय. म्हटलं, व्हय. आमच्याकडं भिगवणचा एक मिस्तरी येतो, त्यानं फोनवर बजावलं, चाकात हवा भरा, स्टेअरिंग फिरतंय का बघा, पर ब्रेक तिला अजिबात न्हाईत, दोरानं ओढू नका, लोखंडी दांडा लावा. ट्रॅक्टर कुणाचा? बापूचाच. त्याला सांगितलं, दांडा घिऊन ये. आला, तोंड फुगवून, आन दांडा घरी ठिऊन जाड सोल, म्हंजी दोरखंड, आणला. म्हटलं, दांडा कुटंय? तर म्हणतो, भंगारच हाय, पोचली तर पोचली. सांगती तुमाला, तितंच भांडण झालं असतं, पर तात्या बाजंवरनं बघत व्हतं. पिकअप तितंच ठिऊन म्या गप गाडीच्या स्टेअरिंगवर बसली.

ऊसवाल्या ट्रॅक्टरवरचं स्पीकर तुमी ऐकलं असत्याल. बापूनं आवाज सोडला की माझ्या गाडीचा पत्रा थरथरतोय. सपाटीला काय न्हाय, सोल ताणलेला, गाडी गुमान मागनं चाललेली. पर कालव्याचा पूल आला, पुलाचा उतार आला, आन ट्रॅक्टर आपला गिअरमधी सावकाश उतरतोय आन माझी गाडी सुटली. सोल ढिला पडून जमिनीवर लोळाया लागला. ट्रॅक्टरच्या मागं नांगर जोडायचं लोखंड असतंय न्हवं, ते बराबर माझ्या तोंडाम्होरं. हँडब्रेक ओढला, तो समदाच हातात आला. हॉर्न न्हाय. बापू, बापू म्हणून वरडली, गाणं चाललंय. उजवीकडं वळवावी तर खालनं ऊसाची ट्रॉली येतीया, डावीकडं पाण्याची चारी, म्हंजी कालव्याचा फाटा. आन ट्रॉली बघून बापूनं ब्रेकवर पाय ठिवला, मागचा लाल दिवा लागला. म्हटलं, झालं. आईनं ह्याला जिथं जन्म दिला तितंच म्या मरती आता, ह्याच्याच हातनं.

कसं सुचलं ठावं न्हाय ताई. एक हात स्टेअरिंगवर ठिवला, दुसऱ्याची दोन बोटं तोंडात घातली. पयल्यांदा नुसता वारा, तोंडाला कोरड पडलेली, म्होरचा एक दात पडलेला. पुन्यांदा घातली आन निघाली, अशी निघाली की माझंच कान बसलं. बापूनं गर्रकन मान फिरवली. ढिला सोल दिसला, मी दिसली. लाल दिवा इझला, धूर निघाला, ट्रॅक्टर त्यानं तसाच ट्रॉलीच्या कडनं पुढं काढला, अंग चोरून म्या त्याच्या मागं. सोल ताणला आन हिसक्यानं तुटला. मी मोकळी. तवर चारी संपली व्हती, डावीकडं नांगरलेलं रान लागलं, घातली गाडी ढेकळात. दोन-चार गचकं बसलं आन थांबली.

बापू पळत आला. म्या उतरली, आधी त्याच्या कानफटात दिली, मंग जवळ घेतला. म्हणाला, आक्का, गेली असतीस की गं. मंग माझ्या हातातनं सुटून मागचं दार उघडलं आन त्या सीटवर बसला, पिसांत, कोंबड्यांच्या घाणीत. रेक्झीनवर हात फिरवला आन म्हणाला,

हितंच का गं?

म्हटलं, हितंच. तुझं डोकं त्या दाराकडं व्हतं. तवा तो रडला, आई गेली तवाबी येवढा रडला न्हवता. मंग उठला, जाऊन ट्रॅक्टरवरचं गाणं बंद केलं आन घरी फोन करून दांडा मागवला.

आता ती आमच्या शेडात उभी हाय बगा. मिस्तरी म्हणत व्हता आधी इंजन खोलू, बापू म्हणाला, आधी ब्रेक. दर रविवारी येतो, पत्रा ठोकतो, गंज घासतो. रंग आईच्या लुगड्यावानी हिरवा द्यायचा म्हणतोय, मी म्हणती पांढराच, त्याच्यावरनं रोज कटकट चाललीया. सीटचं रेक्झीन बदलाया मिस्तरी दोनदा माप घ्याया आला, दोन्ही टायमाला बापूनं त्याला माघारी धाडला.

परवा इंजन चालू झालं. बापूनं बांधाच्या वाटंनं पार कडंपतोर नेली. माझ्या काय मनात आलं, बोटं तोंडात घातली आन शीळ घातली, सासू वसरीत बसलीय तरी. गाडी जाग्यावर थांबली, आन ह्यानं खिडकीतनं मान काढून मागं बघितलं. मला आता काय मागायचं ऱ्हायलं न्हाय ताई, गाडी पळू दे न्हायतर शेडात ऱ्हाऊ दे. तो आला की तुमालाबी एक चक्कर मारून आणील. बसा की मागं, लाजू नका, फकस्त चपला तेवढ्या भाईर काढा.