वेडावणं म्हणजे काय, सांगा!

...तर मी म्हणते, चार वर्षांच्या पोरीला वेडावणं म्हणजे काय, हे कळतं तरी का? पण आमच्या ताईंना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, हे सांगायची सोय आहे? "बघ, बघ तुझी कार्टी! माझ्या बाबांना वेडावतेय! हेच वळण लावलंस?" मी धावत जाऊन बघते तर काय... सासरे खाटेवर बसलेत, तोंड डावीकडे ओघळलेलं, कोपऱ्यातून दूध गळतंय, आणि समोर माझी लेक, हुबेहूब तस्संच तोंड वाकडं करून!

तुम्हाला सांगते, मी सातवीपर्यंतच शिकले, पण शब्दार्थ मला पाठ. वेडावणे म्हणजे समोरच्याला चिडवायला त्याच्यासारखं करून दाखवणे. दोन मार्क मिळाले होते! आणि इथे चिडवायचं कुणाला, तर ज्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली, ज्यांच्या एका हाकेवर अख्खी बस पुढे सरकायची, त्यांना? अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन महिने तोंडातून शब्द नाही हो... पाण्याचा घोट दिला तरी ठसका, आणि श्वास माझा अडकतो! व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात. "आजोबा, गाल फुगवा! जीभ बाहेर! ओठ ताणा!" की सासरे भिंतीकडे वळलेच. आरसा दिला, तो पालथा घातला. बाई मला दारात म्हणाल्या, "आत्ता नाही केलं, तर हे असंच राहील बरं का."

असंच राहील! झोप लागेल का हो मला?

म्हणून पोरीचं ते वाकडं तोंड बघताच हात उगारला मी तिच्यावर. उगारला, आणि खाटेवरून आवाज आला, "फुस्स..." बघते तर सासऱ्यांनी गाल फुगवलेला! एकच फुगला, दुसऱ्यातून हवा गेली. पोरीने जीभ काढली, यांनी काढली. तिने डोळे वटारले, यांनी वटारले. ताई म्हणतात, "बाबा, तुम्हीसुद्धा?"

आता वेडावणं म्हणजे काय, सांगा! पंधरा दिवसांनी बाईंनी विचारलं, "व्यायाम कोण घेतं?" काय सांगू? नात घेते, वाकुल्या दाखवून?

आणि परवा... पोरगी खिडकीवर चढली, मी नेहमीसारखी किंचाळले, "अगं पडशील!" तर मागून बारीक, नाकातला, माझाच आवाज, "अगं प... पडशी...ल!" वर माझ्यासारखाच एक हात कमरेवर! अडीच महिन्यांनी पहिला शब्द, आणि तोही मला वेडावून! ताई रडतात, मी रडते, आणि सासरे माझं रडणंही करून दाखवतात.

बाई म्हणाल्या, "उत्तम! हेच दिवसातून तीनदा करून घ्या."

म्हणजे आता कसं, पोरगी खाली जमिनीवर गप्प बसून चित्रं काढत असते, आणि मी सकाळ, दुपार, संध्याकाळ तिच्याकडे बघून ओरडते, "अगं पडशील!"