चऱ्होलीचं पीक

शिकलेल्या पोरी किती पटकन खोटं बोलतात ते सांगतो. माझी नात सुट्टीत जर्मनीला शिकायला गेली. विषय काय, तर पुढच्या पिढीसाठी जमीन-पाणी कसं राखायचं. तिथल्या बाईंना शेतकरी आजोबाशी बोलायचं होतं, त्यावर हिचे मार्क. व्हिडिओ कॉलवर नात म्हणाली, "आबा, बाई विचारतायत, चऱ्होलीच्या रानात काय पिकवता?"

"भाडेकरू. तीन मजले बांधलेत. कंपनीतली पोरं राहत्यात."

नात इंग्रजीत लांबलचक काहीतरी बोलली. बाईंनी खूश होऊन हात जोडले.

"काय सांगितलंस गं?"

"ज्वारी. पूर्ण मार्क मिळाले, आबा! पण त्या हिवाळ्यात हुरडा खायला येणारेत."

"येऊ दे की. टाक्या सरकवून गच्चीवर पेरतो."