एका वेगाची चक्की

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांपैकी आमच्या बेटाच्या धक्क्यावर पिठाची पोती उतरवून घ्यायला बसलो होतो. बाबांशेजारी त्यांची जुनी मैत्रीण इशबेल होती. मी पेपर वाचत होते.

“टॉर्किल, आता तरी बदलत्या वेगाची पवनचक्की घे,” ती बाबांना म्हणाली. “ वाऱ्याप्रमाणे वेग बदलते. मंद वाऱ्यातही वीज जास्त मिळते.”

“आणि तिचं इलेक्ट्रॉनिक डबडं जळलं की? पलीकडून माणूस येईस्तोवर अख्खं बेट मेणबत्त्या लावून बसेल. माझी एकाच वेगानं फिरते, बिघडली तर पान्यानं दुरुस्त होते.”

“जोराचा झोत आला की गिअरबॉक्स कण्हतो तिचा. तुझ्यासारखाच.”

“कण्हतोय म्हणजे चालू आहे.”

“नवी वादळात आपली आपण थांबते. तुझ्या चक्कीचा ब्रेक हातानं ओढावा लागतो.”

“मी आहे ना.”

“उद्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ आहे तुझी. याच बोटीनं गेलास तर पोचशील.”

“आणि उद्याच्या वादळात ब्रेक कोण ओढणार?”

“तिसऱ्यांदा वेळ पुढे ढकलतोयस तू.”

“वाऱ्याला तारीख देता येत नाही, इशबेल.”

तो ब्रेक ओढायला बाबांनी मला बाराव्या वर्षीच शिकवलं होतं. मी पेपरचं पान उलटलं. पोती उतरवून बोट परत गेली.

मंगळवारी दुपारी ब्रेक ओढून झाल्यावर बाबा तिथेच कोसळले.

आज पुन्हा वारा चढला. मी टेकडीवरच्या चक्कीपाशी गेले, दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा ओढला आणि पाती थांबेपर्यंत धरून ठेवला. मग मोठ्यानं म्हणाले, “बाबा, तुम्ही बोटीनं जा. ब्रेक मी ओढते.”