आधी नोंद करा

सासू: ते बारा हजार तुम्हाला कशाला हवेत ते आधी सांगा, जावईबापू. मग ट्रंकेची किल्ली सोडते.

जावई: सांगितलं ना आई, एक काम आहे. संध्याकाळी तुमच्या लेकीला सांगणारच आहे, तेव्हा तुम्हीही ऐका.

सासू: लेकीनं ते पैसे दाढेसाठी ठेवलेत. वर्ष झालं, एकाच बाजूनं चावतेय ती. सोमवारची तारीख मिळालीय डॉक्टरांकडे. आणि पैसे माझ्याकडे का ठेवलेत ते ठाऊक आहे ना?

जावई: घरात उघड्यावर राहिले की खर्च होतात म्हणून.

सासू: घरात तुम्ही असता म्हणून.

जावई: सोमवारच्या आत मिळतील परत. रिफंडेबल आहेत ते.

सासू: म्हणजे काय?

जावई: म्हणजे जातात आणि परत येतात.

सासू: तुमचे चुलत सासरेही हेच सांगून गेले होते. सव्वीस वर्षं झाली.

जावई: बरं, ऐका. संध्याकाळपर्यंत पोटात ठेवायचं होतं, पण तुम्ही काही ठेवू देणार नाही. मला नोकरी लागली.

सासू: खरंच? कधी?

जावई: काल. सव्वाअकरा वाजता. बंदरावर ते सतरा मजली हॉटेल आहे ना, तिथे. मुख्य सुरक्षा अधिकारी म्हणून. पगार कारखान्यातल्याच्या तिप्पट, शिवाय गाडी आणि राहायला फ्लॅट.

सासू: अहो, कारखाना बंद पडल्यापासून पाच महिने तुम्ही त्या खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजताय. तुम्हाला नोकरी लागली तर मी अख्ख्या जिन्याला ओरडून सांगेन. पण नोकरी लागलेला माणूस पैसे आणतो. मागत नाही.

जावई: ते गणवेशाचं डिपॉझिट आहे. आणि फाइल उघडण्याची फी.

सासू: फाइल उघडायला बारा हजार? तिला काय सोन्याची बिजागरी लावलीय?

जावई: मोठ्या ठिकाणी असंच असतं.

सासू: बरं, असेल. अर्ज कधी केलात?

जावई: मी नाही केला. त्यांनीच शोधून काढलं मला.

सासू: आणि मुलाखत?

जावई: झाली. फोनवर, मेसेजमध्ये. सात मिनिटांची.

सासू: काय विचारलं?

जावई: तुम्ही प्रामाणिक आहात का, असं विचारलं.

सासू: मग?

जावई: मी 'हो' लिहिलं.

सासू: मग?

जावई: त्यांनी टाळ्या पाठवल्या.

सासू: बाई गं. आणि ते हॉटेल इथून बसनं पाऊण तासावर. तुम्ही रोज तीनदा बसस्टॉपपर्यंत फिरायला जाता. एकदा बसमध्येही चढला असतात तर काय बिघडलं असतं?

जावई: तिथल्या मॅडम म्हणाल्या, थेट जायचं नाही. भरती गोपनीय आहे.

सासू: पहारेकऱ्याची भरती गोपनीय. मग रुजू झाल्यावर गेटवर उभं राहायचंय, की गेटामागे लपायचंय?

जावई: तुम्हाला ना, माझं चांगलं झालेलं बघवतच नाही. ते डब्याचं अजून मनात धरून बसलायत तुम्ही.

सासू: धरणारच. अकरा वर्षं झाली, तरी डोक्यातलं ऊन उतरलं नाही. तुम्ही डबा विसरलात म्हणून दोन बसा बदलून कारखान्याच्या गेटवर आले, आणि सख्ख्या सासूला तुम्ही म्हणालात, पास आहे का?

जावई: नियम होता.

सासू: चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवलंत मला. आत फोन लावून विचारलंत, की माझ्या सासूबाई आल्यात तर त्यांना गेटपर्यंत येऊ द्यायचं का.

जावई: डबा तरी तपासला नव्हता.

सासू: झाकण उघडून वास घेतला होता तुम्ही.

जावई: बावीस वर्षं गेट सांभाळलंय मी, आई. मालकांचा जावई आला तरी नोंदीशिवाय सोडला नाही. तीन वाजायच्या आत पैसे नाही गेले तर ही सीट जाईल. द्या ना किल्ली.

सासू: देते. एका अटीवर. ते तुमचं रजिस्टर कुठेय? कारखाना बंद झाला तेव्हा काखेत मारून आणलंत ते.

जावई: कपाटावर आहे. निम्मं कोरं होतं, म्हणून आणलं.

सासू: काढा. ही तुमची हॉटेलवाली आज आपल्या दारात आलीय असं समजा. तिची नोंद करा. सगळे रकाने भरले की किल्ली तुमची, मी तोंडातून ब्र काढणार नाही.

जावई: एवढंच ना? पाच मिनिटांचं काम. हं. तारीख लिहिली. आत येण्याची वेळ, एक वाजून पन्नास. पुढे, नाव.

सासू: काय नाव?

जावई: मॅडम.

सासू: मॅडम हे नाव झालं?

जावई: एचआर मॅडम.

सासू: गेटवर कोणी येऊन म्हणाला असता, 'माझं नाव साहेब', तर लिहिलं असतंत?

जावई: नाही. राहू द्या, नाव नंतर भरू. कुठून आले? हॉटेलमधून. हे बघा नेमणुकीचं पत्र. वर गरुडाचं चित्र आहे, खाली दोन शिक्के.

सासू: दोन कशाला? एकावर विश्वास नाही वाटतं त्यांचा. आलंय कुठून ते?

जावई: मेलवरून. थांबा, पत्ता बघतो. हा... हा साधा पत्ता आहे. फुकटात निघतो तो. तुमच्या लेकीचाही असाच आहे. हॉटेलचं नाव नाही यात.

सासू: मग काय लिहिलंत?

जावई: पेन्सिलीनं लिहिलंय. पुढे, ओळखपत्र. ते मी त्यांना पाठवलं.

सासू: तुम्ही पाठवलंत?

जावई: दोन्ही बाजूंचे फोटो.

सासू: पाहुणा दारात उभा, आणि ओळखपत्र पहारेकऱ्यानं दाखवलं.

जावई: पुढचा रकाना गाडी नंबरचा आहे. तो इथे लागू नाही.

सासू: लागू कसा नाही? पैसे कशावर बसून जाणार आहेत?

जावई: एका खात्यावर. नाव आहे एका माणसाचं. हॉटेलचं नाही. कुणाचंतरी घरगुती खातं दिसतंय.

सासू: पेन्सिल का खाली ठेवलीत?

जावई: असे यायचे गेटवर. सांगायचे, मोठ्या कंपनीकडून आलोय, आणि उतरायचे शेजाऱ्याच्या स्कूटरवरून.

सासू: मग काय करायचात त्यांचं?

जावई: बाकावर बसवायचो.

सासू: आणि फार घाई आहे म्हणाले तर?

जावई: त्यांना तर आधी बसवायचो. घाईवाल्यांची पिशवी नेहमी जड निघते. मग आत फोन लावायचो. पाहुण्यानं दिलेल्या नंबरावर कधीच नाही. केबिनच्या भिंतीवर आपली यादी असायची, तिच्यातल्या नंबरावर.

सासू: आणि या बाईंची चौकशी कुठल्या नंबरावर केलीत?

जावई: फोन वाजतोय. त्याच आहेत.

सासू: मोठ्यानं ऐकू येईल असं करा.

मॅडम: नमस्कार सर, अभिनंदन सर. सर, आपलं पेमेंट अजून दिसत नाहीये. आपली सीट मी पर्सनली होल्ड केलीय सर.

जावई: मॅडम, आपलं पूर्ण नाव काय?

मॅडम: सर, मी एचआरमधून बोलतेय. तीन वाजता सिस्टीम बंद होते सर. बाहेर दोनशे कॅन्डिडेट थांबलेत.

जावई: नाव, मॅडम. आणि कोणत्या विभागातून, कोणाच्या परवानगीनं?

मॅडम: सर, इतकी चौकशी केली तर कंपनीला वाटेल की आपल्याला इंटरेस्ट नाही.

जावई: मॅडम, आपण जरा बाकावर बसा.

मॅडम: काय सर?

जावई: बसा. मी आत विचारून घेतो. ठेवतो.

सासू: आता कसे माझे जावई दिसताय. लावा आत फोन.

जावई: हॉटेलच्या स्वतःच्या पानावर नंबर आहे. लागला. हॅलो, हॉटेलच ना? मला मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेबद्दल विचारायचं होतं. हो, थांबतो.

सासू: काय म्हणतात?

जावई: सुरक्षा विभागाला जोडून देतायत. हॅलो, नमस्कार साहेब. हो, पत्र आलंय. हो, गरुड आहे. शिक्के? दोन. नाही, अजून दिले नाहीत. कितवा म्हणालात? बरं. नाही नाही, राग कसला. तुमचे उपकार आहेत साहेब. ठेवतो.

सासू: कोण होतं?

जावई: मुख्य सुरक्षा अधिकारी.

सासू: म्हणजे जागा भरलेली आहे?

जावई: म्हणाले, 'मी अजून याच खुर्चीत बसलोय, पण या आठवड्यात माझ्या जागी लागलेले तुम्ही नववे.' काल एक जण बॅग घेऊन फ्लॅटची किल्ली मागायला आला होता. हॉटेल नोकरीसाठी कुणाकडून एक पैसा घेत नाही, म्हणाले. आणि ओळखपत्र गेलंय तर बँकेला आजच्या आज कळवा, पोलिसांतही तक्रार द्या.

सासू: पुन्हा वाजतोय बघा तुमचा फोन.

जावई: हां मॅडम. चौकशी झाली. आतून होकार नाही. आपण माघारी जायचं. नोंद करून ठेवतो, बाहेर जाण्याची वेळ दोन वाजून दहा. नाही, शिव्या देऊ नका, शिव्यांना रकाना नाही. तुमचे नंबर आणि ते खातं मात्र लिहून घेतलंय, पोलिसांत देतोय. ठेवला बाईनं.

सासू: अहो, असे का बसलात? वाचलात ना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, पण लग्न तरी नाही लागलं.

जावई: लाज वाटतेय, आई. बावीस वर्षं दुसऱ्याचं गेट सांभाळलं, आणि आपल्या घराचं दार सताड उघडं टाकलं. तिच्या दाढेचे पैसे घेऊन चाललो होतो मी.

सासू: गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्यात तुम्हाला वेगळं काय झालं? पाच महिन्यांत तुमच्याशी कुणी गोड बोललं नव्हतं. मीही नाही बोलले. त्या बाईनं 'सर सर' केलं, आणि तुम्ही विरघळलात.

जावई: 'सर' कारखान्यातही कुणी म्हणायचं नाही.

सासू: एक सांगते, पण डोक्यावर चढायचं नाही. त्या डब्याच्या दिवशी मी तुम्हाला वाटभर शिव्या दिल्या. पण घरी गेल्यावर तुमच्या सासऱ्यांना म्हटलं, आता पोरीची काळजी करू नका. जो सासूला सोडत नाही, तो कुणालाच सोडायचा नाही.

जावई: हे अकरा वर्षांत कधी बोलला नाहीत.

सासू: बोलले असते तर भांडायला काय उरलं असतं? ही घ्या किल्ली.

जावई: आता कशाला? नकोत मला पैसे.

सासू: पैसे देतंय कोण? वरच्या पाकिटाला हात लावायचा नाही. त्याच्या खालचं काढा.

जावई: हे तर शीतगृहाचं मुलाखतीचं पत्र. मी रद्दीत टाकलं होतं.

सासू: मी रद्दीतून काढलं. लेकीनं तुम्हाला हाताला धरून तिथे अर्ज भरायला नेलं होतं. का टाकलंत?

जावई: अपमान वाटला. सहा पानी अर्ज. जुन्या मालकाचं पत्र आणा, ओळखीच्या दोन माणसांचे नंबर द्या, पोलिसांचा दाखला आणा, मुलाखतीला या, मग तीन महिने काम बघू. पगारही जुन्यापेक्षा थोडा कमीच. बावीस वर्षं काम केलेल्या माणसावर एवढा संशय?

सासू: आणि त्या बाईनं संशय घेतला नाही म्हणून ती चांगली? जरा तुमच्या रजिस्टरात बघून सांगा मला, चौकशी कोण करतं? ज्याच्याकडे राखायला काही असतं, तोच ना?

जावई: मुलाखत आज चार वाजताची आहे.

सासू: माहीत आहे. म्हणून तर सकाळपासून तुमचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. बँकेला आत्ता फोन करा, पोलीस चौकी वाटेवर आहे. मीही येते.

जावई: तुम्ही कशाला?

सासू: एकटं सोडलं तर वाटेत आणखी कुठे अधिकारी व्हाल.

(पावणेचार. शीतगृहाचं गेट.)

पहारेकरी: थांबा. कोण आपण?

जावई: मुलाखतीला आलोय. चार वाजताची आहे.

पहारेकरी: पत्र बघू. ओळखपत्र? कोणाला भेटायचंय?

जावई: प्रशासनाच्या साहेबांना. नाव पत्रात खाली आहे.

पहारेकरी: आणि या कोण?

सासू: मी सासू यांची.

पहारेकरी: पास आहे का?

सासू: ऐकलंत? तुम्ही काय सगळे एकाच शाळेत शिकता का रे?

पहारेकरी: नियम आहे, आजी. तुम्ही दोघंही त्या बाकावर बसा. मी आत फोन लावतो. तिकडून होकार आल्याशिवाय सोडता येणार नाही.

जावई: लावा. सावकाश लावा.

सासू: पत्रावरचा नंबर नाही बघितला त्यानं. भिंतीवरची यादी बघतोय.

जावई: बघितलं मी.

सासू: चाळीस मिनिटं बसवणार आता हा आपल्याला.

जावई: बसू, आई. गेट चांगलं आहे.