वाडीची चावी माझ्याकडं

मुंबईहून पाहुणे आले तसा मी ऐटीत त्यांना वाडी दाखवायला निघालो, ए काशा, ए काकी, अशा हाका मारत चार दारं ठोकली, नि मग आठवलं, वाडीत माणूसच नाय. दिवाळी झाली की आम्ही कातकरी सगळे वीटभट्टीवर. पाहुणे बिचारे बंद दारांचे फोटो काढत राहिले.

आमची वाडी गागोद्याच्या वरल्या डोंगरात. बापानं कोळसा पाडला, मी विटा पाडल्या. मग पेणची एक संस्था नि मुंबईची एक कंपनी मिळून आली, म्हणाली तुमची संस्कृती जपायची हाय. माणसं चांगली, खोटं कशाला बोलू. पक्कं भवन बांधलं, आत आमचा ढोल, मासे धरायच्या टोपल्या, नि राखणीला मी. पण माझ्या एकट्याच्या पगारात घर भागत नाय, म्हणून बायको गेली भट्टीवर, खोपोलीपलीकडं, नि मी बसलो संस्कृती राखत. काय सांगू तुम्हाला, संध्याकाळी ढोलाशी बोलतो मी. उलट बोलत नाय एवढंच त्याचं सुख, नि तेच दुःख.

मधे संस्थेच्या ताई कॅमेरा घेऊन आल्या, लग्नाचं गाणं हवं म्हणाल्या. आमचं गाणं असं, की मांडवात बापय विचारतात नि बाया उत्तर देतात. मी विचारलं, नि गप्प उभा राहिलो. ताई म्हणाल्या, पुढं? म्हटलं, पुढं बायांचं, मला येत नाय, बायकोला भवनात कामाला घ्या, गाणं पुरं होईल. त्या म्हणाल्या, बघू, आधी ऐकू तर दे. मला तेवढंच पुरे झालं. बायको घरी येणार, म्हणून मी मनात चूल पेटवूनसुद्धा मोकळा.

लावला बायकोला व्हिडिओवाला फोन. ती विटांच्या थप्पीजवळ उभी, मागं ट्रॅक्टर. मी म्हटलं, गा गो जरा. ती म्हणाली, येडा झालास का, मुकादम बघतोय. तरी गायली. मी इथनं विचारायचो, ती तिथनं उत्तर द्यायची. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं एका मांडवात उभे राहिल्यासारखं वाटलं मला, नि कॅमेऱ्यासमोर नाक पुसलं मी, तेवढं कापा म्हटलं.

ताई खूश. म्हणाल्या, छान मिळालं, पुरं मिळालं, आता त्यांना मुद्दाम बोलवायला नको. माझी पाठ थोपटून गाडीत बसल्या.

मी परत फोन लावला, म्हटलं, गो, तू इतकं बरं गायलीस की आता तुझं काम नाय म्हणतात.

ती म्हणाली, नवरीला आत नेल्यावर बाया एकट्या गातात ते तुम्हा बापयांना कुठं ठाऊक, ते मी फोनवर गायले नाय नि गाणार नाय, सांग तुझ्या ताईला, नि आज भात खाल्लास का तसाच बसलायस?