नदीकाठी थांबलेली कहाणी

मी मूळची माण तालुक्यातली, आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, म्हणून मुलगी द्यायची तीसुद्धा फौजीलाच, तशी मला दिली, आणि लग्न होऊन दिल्ली कँटात आले तेव्हा हिंदीतलं पानी आणि रोटी सोडून मला काही येत नव्हतं. आता आमचे हे हवालदार म्हणून रिटायर झाले, पालमला दोन खोल्या केल्या, आणि गावाकडं गेले की जावा म्हणतात, तू मधेच अच्छा अच्छा काय करतीस गं. म्हणलं काय करू, इथला भाजीवाला काय मराठी बोलतोय होय.

पण कहाणी मात्र मराठीतच. श्रावणातल्या शुक्रवारी, जिवतीला. ही पुस्तकातली नव्हे बरं का, आमच्या सासूबाईंची, त्यांनी त्यांच्या सासूकडनं घेतलेली. हे बॉर्डरवर असायचे तेव्हा क्वार्टरमधल्या बायका माझ्याकडं जमायच्या, हातात अक्षता धरायच्या, एकीनं हूं हूं म्हणायचं, आणि कहाणी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, गॅसवर दूध उतू गेलं तरी नाही. संपली की जे लेकरू लांब असेल त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे त्याचं औक्षण झालं. आता माझा सचिन लांब आहे. तोही फौजेतच, वर कुठंतरी बर्फात, कुठं ते सांगत नाही, फोन लागला तर लागला.

तर राधिका आली ती अशा वेळी. पुण्याची पोरगी, मुनिरकात खोली घेऊन राहते, डॉक्युमेंट्री बनवते. वाट बघणाऱ्या बायकांवर तिला फिल्म करायची होती. गोड आहे हो, आल्याआल्या ओट्याशी उभी राहून दोन भाकरी खाल्ल्या आणि काकू म्हणायला लागली. म्हणली, काकू, ती कहाणी कॅमेऱ्यासमोर सांगा. सांगितली. पण ती नुसती मान हलवायची, हूं म्हणेना. म्हणली आवाज रेकॉर्ड होतो ना काकू. आता काय सांगू तुम्हाला, हूं नसलं की कहाणी कशी सांगायची, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, तरी सांगितली बाई शेवटपर्यंत.

मग एक दिवस फोन आला की फिल्म म्युझियममध्ये लागली, चित्रांचं मोठं म्युझियम आहे तिथं. मी काठापदराची साडी नेसले, ह्यांनी बुटाला पॉलिश केलं, गेलो. सगळीकडं चित्रं, आणि एका अंधाऱ्या खोलीत पडद्यावर मी! एवढी मोठी! हे म्हणले, घरात काय कमी आवाज होता, आता सरकारी एसीत पण ऐकायचा. मी हसले आणि मग हसूच जिरलं. कारण कहाणीत ती गवळण आहे, तिचा एकुलता पोरगा म्हशी घेऊन पैलतीराला गेलाय, नदीला पूर आलाय, ही काठावर मुठीत अक्षता घेऊन उभी, हाका मारतीय, आणि तिथंच संपलं. दुसरीच एक बाई आली पडद्यावर, शर्टाच्या घड्या घालणारी, एक शब्द बोलत नाही. आणि मग परत मी, पहिल्यापासून.

म्हणलं राधिका, पोरगा कुठाय? ती म्हणली, काकू, तिथं थांबवल्यावर जास्त भिडतं. म्हणलं अगं, दिवसभर हे असं चालणार, दिवसभर ती काठावर उभी राहणार आणि पोरगा काय घरी येणार नाही? माझा आवाज चढला, लोक बघायला लागले. तेव्हा तिनं मला बाहेर नेलं, पायरीवर बसवलं आणि म्हणली, ती घड्या घालणारी बिमला, हरियाणातली, झज्जरकडची, तिचा मुलगा ड्युटीवर गेला. परत आलाच नाही. तिच्या आधी तुमच्या गवळणीचा पोरगा घरी कसा आणू काकू, तुम्हीच सांगा.

पोरीचं चुकलं नव्हतं. पण घरी आले तरी जीव थाऱ्यावर नाही, पोळी लाटतीय तर वाटायचं, आत्ता ती काठावर आली असेल. सचिनचा फोन नाही. हे म्हणतात, अगं, नेटवर्क नसतं तिथं. मला माहीत नाही होय? मी काय अडाणी आहे? फिल्मनं माणसाला काही होत नाही, कळतं मला. पण कळून उपयोग काय, आतनं कुणीतरी ढोसतंच ना.

म्हणून मी दर शुक्रवारी जायला लागले. मेट्रोनं जायचं, त्या खोलीत बाकावर बसायचं, मी पडद्यावर काठाशी आले की इकडं मी उठायची आणि जे कोण बसलं असेल त्याला पुढची कहाणी हिंदीत सांगून टाकायची. कॉलेजची पोरं, गोरी माणसं, कुणीही. काहींना वाटायचं हा कार्यक्रमच आहे, टाळ्या वाजवायची. शेवटी चारी दिशांना अक्षता. गार्ड म्हणला, आंटी, फर्श पर चावल मत फेंको, चूहे आएंगे. म्हणलं, बेटा, दो-चार दाने हैं, जाते वक्त उठा लूंगी. उचलायची, खरंच, वाकून वाकून. हे म्हणले, रिटायर मी झालो, ड्युटी तुझी चालू झाली.

आणि मागल्या शुक्रवारी उठले, तोंड उघडलं, तर कोपऱ्यात बिमला. पडद्यावर घड्या घालतीय तीच, समोर बसलेली, डोक्यावर ओढणी. हिच्यासमोर कुणाचा पोरगा घरी आणू मी? लाज वाटली हो, भयंकर लाज वाटली, खाली बसले. तर ती उठून माझ्याशेजारी आली, बसली आणि म्हणली, रुक क्यों गई बहन? बोल ना. किसी का तो घर आवे. मी तिच्या मुठीत अक्षता दिल्या. सांगायला लागले, आणि ती प्रत्येक वाक्याला म्हणत होती, हूं. मी सांगतीय आणि रडतीय, ती रडली नाही, नुसती हूं, हूं.

सचिनचा? नाही, या आठवड्यात अजून नाही आला फोन. येईल. उद्या शुक्रवार, उद्या जायचंय, बिमला पण येते म्हणलीय.

तुम्ही हे सगळं लिहिताय ना, मग हेही लिहा. गवळण चारी दिशांना अक्षता टाकते, पाणी काही ओसरत नाही, पण म्हशीचं शेपूट धरून पोरगा पोहत येतो, चिखलानं भरलेला, आणि काठावर चढून म्हणतो, आई, भूक लागली. तुमचंही जे कोण लांब असेल ते असंच दारात येऊन जेवायला मागू दे. मी लई बोलले, बाकीचं काय कापायचं ते कापा. एवढं कापू नका.