पहिला इंच

…आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्या टेपमुळे झालं हे सगळं." माझ्या टेपमुळे! तुम्हाला सांगते, तीस वर्षं शिवणकाम करतेय मी, घराच्या पुढच्या खोलीत, त्या एका टेपवर अख्ख्या गल्लीची मापं घेतली, कुणाची बाही काचली नाही, कुणाचं बटण ताणलं नाही, आणि आमच्या ह्यांची तार, जिला ना पोट ना खांदे, नुसती सरळ लांबच लांब, ती काही मापात बसेना. बरं, सोन्याची होती का? छे. साधी तार हो ती. तांब्याची.

आता तुम्ही म्हणाल, टेपचा आणि तारेचा संबंध काय… थांबा, सांगते. आमचे हे वायरमन. निवृत्त झाले, चार दिवस घरात नुसते फिरले, डबे उघडून बघितले, आणि पाचव्या दिवशी परीक्षेची पुस्तकं घेऊन बसले. साठाव्या वर्षी! परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. म्हणजे काय, तर घरात एक पेटी, तिच्यात बोलायचं, आणि जगात कुठेतरी असाच दुसरा पेटीवाला बसला असेल तर त्याने ते ऐकायचं. मध्ये ना केबल, ना टॉवर, ना कंपनी. मी म्हटलं, अहो, खिशात फोन आहे की. तर म्हणाले, "फोन आपणहून करावा लागतो." तेव्हाच मला कळलं, हे कुणासाठी चाललंय.

धाकट्यासाठी. धाकटा म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांचा होता, माझ्या कापायच्या टेबलावर रेडिओ खोलून बसायचा, ह्यांनीच शिकवलेलं सगळं. पुढे सासरे गेले आणि त्यांचा जुना रेडिओ धाकटा न विचारता घेऊन गेला, समुद्रापलीकडे, नोकरीच्या गावी. झालं. सहा वर्षं बोलणं बंद. हे म्हणायचे, "आधी त्याने फोन करावा." तो तिकडे हेच म्हणत असणार, एकाच आईची लेकरं ना.

अशात एक दिवस आले दातांचे डॉक्टर. कोपऱ्यावर दवाखाना त्यांचा, आणि तेही ह्याच नादातले. आले ते दारातूनच, "अहो, तुमचा भाऊ दर रविवारी दिवेलागणीला रेडिओवर असतो, मी ऐकलाय त्याला! पण हा रविवार शेवटचा. घर बदलतोय, नव्या घराला गच्चीच नाही, अँटेनाची तार उतरवणार म्हणत होता." आता ह्या लोकांत एक पद्धत आहे बघा… कुणी रेडिओवर "आहे का कुणी?" अशी हाक घातली, की ज्याला ऐकू येईल त्याने ओ द्यायची. ओळख नको, पाळख नको. ह्यांचा चेहरा असा उजळला! म्हणजे मानही राहणार… मी कुठे फोन केला? त्याने हाक मारली, मी ओ दिली.

पण ओ द्यायला तार पाहिजे, आणि तीही आपली; डॉक्टरांच्या पेटीवरून भावाला ओ देणार नाही म्हणाले. आणि दिवस उरले तीन.

हिशेब सोपा होता हो. दहा मीटरची एक तार, दहा मीटरची दुसरी, मधला सांधा उंच बांबूवर, तिथून केबल खाली पेटीत, आणि दोन टोकं उतरती, एक आमच्या गच्चीच्या कोपऱ्याला, एक शेजाऱ्यांच्या. हे माझा टेप घेऊन वर गेले, मोजलं, कापलं (माझ्या कापडाच्या कात्रीने, ते मी नंतर पाहिलं, आणि आत्ता त्यावर बोलत नाही, कारण बोलायला लागले तर तुमची रात्र इथेच होईल), तार ताणली आणि डॉक्टरांनी मीटर लावला. मीटरचा काटा एकाच्या जवळ यावा लागतो. एक म्हणजे तुम्ही दिलेलं सगळं आकाशात गेलं. काटा वर चढला, की दारापर्यंत गेलेला पाहुणा उंबऱ्यावरूनच परत, तुमचा आवाज तुमच्याच पेटीत.

काटा अडीचवर.

डॉक्टर म्हणाले, "तार नेहमी लांबच होते. थोडं काढू या." दातांचा डॉक्टर, काढण्याशिवाय दुसरं काय सुचणार? चार बोटं काढली. काटा तीनवर. "हट्टी आहे. अजून थोडं काढू." काढलं. साडेतीन! शनिवार संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून वीत वीत तार गेली आणि काटा असा वर, जसा काही त्यालाच आकाशात जायचंय. डॉक्टर दवाखान्यात पळाले. हे गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले, तारेचे तुकडे हातात घेऊन, आणि मला म्हणाले, "राहू दे. नशिबात नाही." तुम्हाला सांगते, चाळीस फुटी खांबावर चढलेला माणूस तो, कधी पाय लटपटला नाही, आणि एवढ्याशा तुकड्यांकडे बघून डोळ्यांत पाणी. साधी तार हो ती… पण मला बघवेना.

मी म्हटलं, मोजली कशी? म्हणाले, "तुझ्या टेपने. टोकापासून." मी म्हटलं, अहो, माझ्या टेपला पहिला इंच नाहीये!

"कुठला पहिला इंच?"

घ्या. तीस वर्षांचा संसार! अठ्ठावीस वर्षांपूर्वी उंदराने कुरतडला तो, धाकट्यानेच तर दाखवलं होतं मला कुरतडलेलं टोक. तेव्हापासून मी इंचभर सोडून माप घेते, म्हणजे आलेल्या आकड्यातून एक वजा. मशीनवर बसायला येणाऱ्या मुलींना ठाऊक, गिऱ्हाइकांना ठाऊक, घरच्या धन्याला पत्ता नाही! टेप दीड मीटरचा. दहा मीटर मोजायला सात वेळा ठेवला. सात वेळा एकेक इंच कमी. म्हणजे तार आधीच सात इंच आखूड, आणि हे दोघे शहाणे ती आणखी कापतायत!

मग घेतली मी सूत्रं हातात. म्हटलं, आधी जोड द्या, आणि हातभर जास्तीचा द्या. आमच्यात त्याला माया सोडणं म्हणतात. कापड कधी मापाबरहुकूम कापू नये, माया सोडावी, आत दुमडावी, पुढेमागे उसवता येते. कापलेलं कुठून आणणार? हे म्हणाले, "तार दुमडून चालत नसते." डॉक्टरांना फोन लावला. तिकडून ओरडले, "चालते! उलटी दुमडून तिलाच गुंडाळायची! माझ्या कसं लक्षात आलं नाही?" कसं येणार, दातांना कुठे माया सोडता येते.

रविवारी सकाळी ह्यांनी जोड दिले, कथलाचे डाग दिले. दुपारी मी गच्चीवर, डॉक्टर खाली मीटरशी, हे जिन्यात निरोप्या. मी मधला कठडा ओलांडून दोन्ही गच्च्यांवरची टोकं दोन दोन बोटं दुमडायची, तारेपासून लांब व्हायचं, मग हे ओरडणार, "हात काढले!", खालून डॉक्टर ओरडणार, "तीन!" परत दोन बोटं. "अडीच!" परत. "दोन!" आणि तुम्हाला सांगते, मला गंमतच वाटायला लागली… म्हणजे गंमत नाही, काय म्हणू… अंगावर काटा. काय बदलत होतं हो? वाऱ्यावर हलणारी एक निर्जीव तार, तिचं टोक मी दोन बोटं आत घेतेय, आणि तिला ते कळतंय! आखूड झालं कळतं, लांब झालं कळतं, एवढं तर माझ्या गिऱ्हाइकांना कळत नाही. "दीड!" "सव्वा!" मी कठड्यावरून वाकले. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "वहिनी, हात लावू नका आता. एक आलाय."

दिवेलागण झाली. पेटीतून नुसती खरखर, पाऊस पडल्यासारखी. आणि त्या खरखरीतून आवाज आला… "आहे का कुणी?"

धाकट्याचा आवाज! सहा वर्षांनी. समुद्र केवढा, मध्ये डोंगर किती, पेटीची ताकद म्हणे एका जुन्या बल्बाएवढी, आणि तो आवाज वर जाऊन आकाशाला थडकून आमच्या गच्चीवरच्या त्या दुमडलेल्या टोकांत येऊन उतरला होता. ह्यांनी बटण दाबलं, स्वतःचं परवान्याचं अक्षरी नाव सांगितलं. तिकडे खरखर. मग धाकटा म्हणाला, "आपला आवाज पाच-नऊ आहे." म्हणजे स्पष्टही आणि खणखणीतही. हे म्हणाले, "आपलाही पाच-नऊ." बघा! सख्खे भाऊ, आणि आपण-आपण करतायत.

"आपली तार कोणती?"

"साधी तार. घरी केलेली."

"मोजली कशाने?"

हे म्हणाले, "वहिनीच्या टेपने."

परत खरखर. आणि मग एकदम, "दादा… इंच सोडून मोजलीस ना रे?"

ह्यांनी बटणाकडे नेलेला हात डोळ्यांना लावला. तिकडून तोच बोलत राहिला, "दादा, तो उंदीर नव्हता. मी होतो. डाग द्यायची तापलेली कावी टेपवर पडली, इंचभर जळला, म्हणून कापून टाकला, वहिनीच्याच कात्रीने, उंदराचं वाटावं म्हणून वेडावाकडा. वहिनीला सांगू नकोस. आणि दादा, बाबांचा रेडिओ… चुकलंच माझं."

वहिनीला सांगू नकोस! वहिनी मागे उभी, डॉक्टर शेजारी, आणि अर्धी दुनिया कान लावून बसलेली. अठ्ठावीस वर्षं मी त्या उंदराला शिव्या घातल्या हो. पण ओरडू कशी? हे रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

आता दोघं रोज फोनवर बोलतात, तासतासभर, आणि भांडतात कशावरून, तर तारेवरून. धाकट्याने मला नवा टेप पाठवला, भरपाई म्हणून, छान पिवळाधमक, पहिल्या इंचासकट. आठ दिवस वापरला. पण हात ऐकतो का? इंच सोडल्याशिवाय मापच घेत नाही, तीन ब्लाउज आवळ झाले. शेवटी काय करणार… कात्री घेतली आणि मीच त्याचा पहिला इंच कापून टाकला.